डेस्कटॉप सुरूच होत नाही? भिंतीतल्या सॉकेटपासून मदरबोर्डपर्यंत वीज कुठे अडली ते असं शोधा

कॉम्प्युटर सुरू होईना की बहुतेक जण एसएमपीएसवर (भिंतीतली वीज कॉम्प्युटरला चालेल अशा कमी व्होल्टेजमध्ये बदलणारा पत्र्याचा डबा, यालाच पुढे सप्लायही म्हटलं आहे) नाहीतर मदरबोर्डवर (सगळे भाग जिथे जोडले जातात ती मुख्य पाटी, पुढे नुसता बोर्ड) संशय घेतात आणि दुकानातून त्यातली एक वस्तू घेऊन येतात. ती बसवूनही मशीन गप्पच राहिलं की दुसरी आणतात. यात पैसे जातात आणि कधीकधी चांगली वस्तूही बिघडते. वीज भिंतीतून निघून एसएमपीएस, मदरबोर्ड, प्रोसेसर या ठरलेल्या वाटेने जाते. ती वाटेत कुठे अडली हे क्रमाने तपासलं, तर बऱ्याच वेळा काहीच विकत आणावं लागत नाही.

हाताशी चार गोष्टी ठेवा: स्टार स्क्रू ड्रायव्हर, टॉर्च, पांढरा खोडरबर आणि रंगकामाचा कोरडा ब्रश. काहीशे रुपयांत मिळणारा साधा डिजिटल मल्टिमीटर असेल तर काम फारच सोपं होतं. या कामासाठी कुठलं एक हत्यार विकत घ्यावं असं विचाराल, तर मल्टिमीटरच घ्या.

आधी लक्षण नीट बघा

"चालू होत नाही" या एका तक्रारीत चार वेगवेगळे आजार लपलेले असतात. म्हणून बटण दाबताना कॅबिनेटची बाजूची झडप काढून ठेवा आणि आत नीट बघा.

पहिला प्रकार म्हणजे पूर्ण शुकशुकाट. पंखा हलत नाही, लाइट लागत नाही, कसलाही आवाज नाही. दोष सॉकेट, वायर, एसएमपीएस किंवा बटण यांपैकी कशात तरी असतो. मदरबोर्डचा नंबर त्यानंतर लागतो. दुसरा प्रकार: पंखे अर्धा गिरका घेतात आणि थांबतात, मग मेन स्विच बंद केल्याशिवाय बटणाला दादच देत नाहीत. हे शॉर्टचं लक्षण. एसएमपीएसला कुठेतरी जास्त करंट ओढला जातोय असं कळलं आणि त्याने स्वतःला बंद करून घेतलं. तिसरा प्रकार: मशीन सुरू होतं आणि बरोबर चार-पाच सेकंदांत बंद पडतं. इथे अडकलेल्या बटणावर पहिला संशय घ्या, कारण पुढे सांगितलं आहे. चौथा प्रकार: पंखे छान फिरतात, लाइट लागतो, पण स्क्रीन काळीच. या मशीनमध्ये वीज पोहोचली आहे. त्याचा दोष रॅम, ग्राफिक्स कार्ड किंवा प्रोसेसरच्या जोडणीत शोधायचा असतो, सॉकेट-वायरीत वेळ घालवू नका.

आपलं मशीन यातलं कुठलं हे कागदावर लिहून ठेवा. दुकानात न्यायची वेळ आली तरी "बंद आहे" एवढंच सांगण्यापेक्षा हे सांगितलेलं खूप उपयोगी पडतं.

हात घालण्यापूर्वी

शटडाउन केलेल्या कॉम्प्युटरमध्येही वीज असते. प्लग लावलेला आहे तोवर एसएमपीएस मदरबोर्डला ५ व्होल्टची स्टँडबाय वीज देतच राहतो. बटणाचा इशारा ओळखायला बोर्डाला ती लागते. म्हणून रॅम, कार्ड किंवा कुठलीही वायर काढण्याआधी प्लग ओढून काढा, मग पॉवर बटण दहा-पंधरा सेकंद दाबून धरा. आत उरलेला चार्ज त्यात निघून जातो. बोर्डावर बारीक हिरवा किंवा लाल दिवा असेल तर तो हळूहळू विझताना दिसेल. तो विझेपर्यंत थांबा.

अंगावरची स्थिर वीज काढायला कॅबिनेटच्या रंग न दिलेल्या पत्र्याला हात लावत राहा. काम लाकडी टेबलावर करा, सतरंजीवर किंवा गादीवर नको.

एसएमपीएसचा पत्र्याचा डबा मात्र अजिबात उघडू नका. २३० व्होल्ट एसीचं डीसी झालं की आतल्या मोठ्या कॅपॅसिटरवर सुमारे ३२५ व्होल्ट जमतात. अ‍ॅक्टिव्ह पीएफसी (भिंतीतून येणारा करंट सुरळीत करणारी सोय) असलेल्या सप्लायमध्ये हा आकडा ३८० ते ४०० पर्यंत जातो. प्लग काढल्यावरही तो काही काळ टिकू शकतो. आतला फ्यूज उडालेला दिसला म्हणून बदलायचा मोह होतो, पण फ्यूज सहसा उगाच उडत नाही. आतला एखादा ट्रान्झिस्टर किंवा डायोड शॉर्ट झाल्याने तो उडतो, आणि नवा फ्यूजही पुढच्याच क्षणी जातो.

भिंत, एक्स्टेन्शन बोर्ड, यूपीएस

हा भाग सगळ्यात सोपा, म्हणून सगळ्यात जास्त राहून जातो. कॉम्प्युटर ज्या सॉकेटवर आहे तिथे टेबल लॅम्प लावून बघा. मोबाइलचा चार्जर चालतो म्हणून सॉकेट चांगलं असं धरू नका. चार्जर अगदी थोडा करंट घेतो, ढिल्या सॉकेटमध्येही तो चालून जातो. त्यानंतर यूपीएस आणि एक्स्टेन्शन बोर्ड दोन्ही बाजूला करून कॉम्प्युटरची वायर थेट भिंतीत लावा. मशीन सुरू झालं तर दोष मधल्या वस्तूत.

यूपीएसची बॅटरी संपली की अनेक यूपीएस लाइट असतानाही नीट चालत नाहीत, किंवा बटण दाबताक्षणी ट्रिप होतात. घरगुती ६०० व्हीएच्या यूपीएसमध्ये बहुधा १२ व्होल्ट, ७ एएचची बॅटरी असते आणि तीन-चार वर्षांत ती थकते. आणखी एक गोष्ट बघा: ६०० व्हीए म्हणजे ६०० वॉट धरू नका. प्रत्यक्षात तो ३६० वॉटच्या आसपास भार झेलतो. ग्राफिक्स कार्डवालं मशीन, मोठा मॉनिटर आणि प्रिंटर असं सगळं त्यावर लावलं तर सुरू होतानाच तो हात टेकतो. लेझर प्रिंटर यूपीएसवर कधीच लावू नका. काही यूपीएसच्या पाठीमागच्या एक-दोन सॉकेटांना बॅटरीचा आधार नसतो, ती सॉकेटं फक्त सर्जपासून, म्हणजे व्होल्टेजच्या अचानक उसळीपासून, वाचवणारी असतात. वायर कुठे लावली आहे तेही पाहून घ्या.

आता कॅबिनेटला लागणारी काळी पॉवर कॉर्ड. मॉनिटरलाही बहुतेक वेळा तशीच कॉर्ड असते, म्हणून दोन्हींची अदलाबदल करून बघा. हा तपास दहा सेकंदांचा. कॉर्ड एसएमपीएसमध्ये शेवटपर्यंत दाबून बसवा. जुन्या कॉर्डची टोकं सैल होतात आणि पूर्ण आत गेल्यासारखी दिसूनही टेकत नाहीत. टोकाजवळ तपकिरी डाग किंवा वितळलेलं प्लास्टिक दिसलं तर ती कॉर्ड फेकून द्या.

बहुतेक एसएमपीएसच्या पाठीवर छोटा स्विच असतो. त्यावर एक रेघ आणि एक गोल असतो. रेघेची बाजू दाबलेली म्हणजे चालू. केर काढताना किंवा टेबल सरकवताना तो बंद होतो आणि मग लोक दोन दिवस मदरबोर्डला दोष देत बसतात. जुन्या, स्वस्त एसएमपीएसवर त्याशिवाय ११५ आणि २३० असं लिहिलेला लाल सरकता स्विचही असतो. आपल्याकडे तो २३० वरच हवा. तो ११५ वर करून प्लग लावला तर मोठा आवाज होऊन सप्लाय जळतो, म्हणून मुलांच्या हाताला लागू नये अशा बेताने त्यावर टेप लावून ठेवा.

कॅबिनेटला हात लावल्यावर झिणझिण्या येतात का? एसएमपीएसच्या आत फिल्टरचे दोन कॅपॅसिटर फेज आणि न्यूट्रलपासून पत्र्याला जोडलेले असतात. त्यातून येणारा किंचित करंट अर्थिंगमधून जमिनीत जायचा असतो. घरात अर्थिंग नसेल, किंवा तीन पिनचा प्लग दोन पिनच्या सॉकेटमध्ये अडॅप्टर लावून बसवला असेल, तर तोच करंट पत्र्यावर राहतो आणि बोटाला लागतो. हे मशीन बंद पडण्याचं कारण असेलच असं नाही, पण वायरमनला बोलावून अर्थिंग तपासून घ्या. यूएसबी पोर्ट आणि कार्डं यामुळे हळूहळू खराब होतात, आणि माणसालाही धोका असतो.

बटण

कॅबिनेटचं पॉवर बटण म्हणजे दोन वायरींचा साधा खटका. दाबला की दोन पिना क्षणभर एकमेकींना टेकतात, बस. पण रोज दाबून त्याची स्प्रिंग बसते किंवा आत धूळ चिकटते. बटण दाबलेलंच राहिलं तर बोर्डाला वाटतं की कुणीतरी बोट ठेवून आहे, आणि चार सेकंद बटण दाबून ठेवलं की मशीन बंद करायचं, हा त्याचा नियम आहे. सुरू होऊन चार-पाच सेकंदांत बंद पडण्यामागे बरेचदा हेच असतं. रीसेटचं बटण अडकलं तर निराळंच दिसतं: पंखे फिरत राहतात, पण प्रोसेसर कामाला लागतच नाही आणि स्क्रीन काळी राहते.

तपास असा करा. मदरबोर्डच्या खालच्या कडेला, बहुतेक उजव्या कोपऱ्यात, नऊ पिनांचा छोटा गठ्ठा असतो. कॅबिनेटच्या समोरच्या भागातून आलेल्या बारीक वायरी तिथे टोचलेल्या असतात. आधी मोबाइलवर फोटो काढा, कुठली वायर कुठे होती ते नंतर आठवत नाही. मग प्लग काढलेला असताना त्या सगळ्या वायरी काढून घ्या. पिनांच्या शेजारी बोर्डावर बारीक अक्षरं छापलेली असतात. बहुतेक बोर्डांवर वरच्या रांगेतल्या पहिल्या दोन पिना पॉवर लाइटच्या आणि पुढच्या दोन पॉवर बटणाच्या असतात. तरी आपल्या बोर्डाचं मॅन्युअल बघून खात्री करा. आता प्लग लावा, मागचा स्विच चालू करा आणि स्क्रू ड्रायव्हरच्या टोकाने बटणाच्या त्या दोन पिना एकदम, अर्ध्या सेकंदापुरत्या टेकवा. इथे ५ व्होल्टपेक्षा जास्त काही नसतं, शॉक बसत नाही. फक्त टोक शेजारच्या पिनेवर घसरू देऊ नका.

मशीन सुरू झालं तर आजार बटणातच होता. नवा खटका येईपर्यंत रीसेटची वायर पॉवरच्या पिनांवर लावून काम चालवता येतं. दोन्ही खटके आतून सारखेच असतात आणि त्यांना उलटसुलट बाजू नसते. लाइटच्या वायरींना मात्र असते, उलट्या लागल्या तर लाइट लागत नाही इतकंच.

एसएमपीएस खरंच मेलाय का?

इथे थोडा वेळ द्या, कारण सर्वाधिक चुकीची खरेदी याच वस्तूची होते.

मदरबोर्डला लागणाऱ्या चोवीस पिनांच्या जाड कनेक्टरमध्ये वायरींचे रंग ठरलेले असतात. पिवळी १२ व्होल्ट, लाल ५ व्होल्ट, नारिंगी ३.३ व्होल्ट, काळी म्हणजे ग्राउंड. यांखेरीज तीन वायरी एकेकट्या असतात आणि तपासात त्याच सगळं सांगतात. जांभळी स्टँडबायचे ५ व्होल्ट आणते. हिरवीतून बोर्ड सप्लायला "सुरू हो" असं सांगतो. करड्या वायरीतून सप्लाय बोर्डाला "व्होल्टेज ठीक आहेत" असं कळवतो.

मल्टिमीटर डीसी २० व्होल्टवर ठेवा. कनेक्टर बोर्डातच राहू द्या. काळा प्रोब (मीटरच्या वायरीची टोकदार सळई) कुठल्याही काळ्या वायरीच्या मागच्या बाजूने कनेक्टरमध्ये घाला, लाल प्रोब जांभळ्या वायरीच्या मागून. प्लग लावलेला, मागचा स्विच चालू, पॉवर बटण दाबलेलं नाही, अशा अवस्थेत ४.७५ ते ५.२५ च्या मध्ये आकडा यायला हवा.

आकडा शून्य आला तर सप्लाय मेला असं लगेच ठरवू नका. प्लग काढा, चोवीस पिनांचा कनेक्टर बोर्डातून उपसा, परत प्लग लावून तीच वायर मोजा. आता ५ व्होल्ट दिसले तर सप्लाय जिवंत आहे. बोर्डावर किंवा बोर्डाला जोडलेल्या एखाद्या वस्तूत शॉर्ट आहे आणि तो स्टँडबाय खाली ओढतोय. अजूनही शून्य असेल तर मात्र सप्लाय गेला, शोध संपला.

जांभळी ठीक असेल तर हिरवी मोजा. बंद अवस्थेत तिच्यावर ३ ते ५ व्होल्ट दिसतात. कुणाला तरी पॉवर बटण दाबायला सांगा आणि आकड्यावर नजर ठेवा. हिरवी शून्याजवळ आली आणि तरीही पिवळीवर १२ व्होल्ट आले नाहीत, म्हणजे बोर्डाने हाक दिली आणि सप्लायने ओ दिली नाही. दोष सप्लायचा किंवा शॉर्टचा. हिरवी हललीच नाही तर हाकच दिली गेली नाही, तेव्हा बटण किंवा बोर्ड तपासा. हे एक माप घेतलं की बराचसा गोंधळ मिटतो.

मीटर नसेल तर यू-पिनची चाचणी आहे. प्लग काढा. बोर्ड, डिस्क, ग्राफिक्स कार्ड यांच्याकडे जाणारे सप्लायचे सगळे कनेक्टर सोडवा. कागदाला लावायची यू-पिन सरळ करून एक टोक हिरव्या वायरीच्या भोकात आणि दुसरं शेजारच्या काळ्या वायरीच्या भोकात बसवा. मग पिनेला हात न लावता प्लग लावून मागचा स्विच चालू करा. सप्लायचा पंखा फिरला म्हणजे तो निदान उठतोय. जुने सप्लाय अजिबात भार नसेल तर उठत नाहीत, त्यांना एखादा कॅबिनेटचा पंखा किंवा निरुपयोगी हार्ड डिस्क जोडा. उलट काही नवे, चांगल्या प्रतीचे सप्लाय भार कमी असताना पंखा मुद्दाम बंद ठेवतात, म्हणून तिथेही जोडलेल्या पंख्याकडे बघा. आणि लक्षात घ्या, पंखा फिरतो म्हणजे सप्लाय ठणठणीत असं नव्हे. थकलेला सप्लाय पंखा फिरवतो, पण प्रोसेसरने करंट मागितला की त्याचा दम सुटतो. मीटरवर १२ व्होल्टची वायर ११.४ ते १२.६, ५ व्होल्टची ४.७५ ते ५.२५ आणि ३.३ व्होल्टची ३.१४ ते ३.४७ या मर्यादेत हवी.

आजकालच्या बऱ्याच सप्लायच्या सगळ्या वायरी काळ्या असतात. तिथे पिना मोजून अंदाजाने यू-पिन खुपसू नका. एसएमपीएस टेस्टर नावाचं छोटं यंत्र मिळतं, कनेक्टर त्यात खोचला की व्होल्टेज पडद्यावर येतात. मोठ्या कंपन्यांच्या तयार डेस्कटॉपमध्येही सावध राहा. त्यांतल्या अनेकांचे कनेक्टर सहा, आठ, दहा किंवा चौदा पिनांचे, त्यांच्या स्वतःच्या पद्धतीचे असतात. वरचे रंग आणि बाजारातला साधा सप्लाय तिथे लागू पडत नाहीत. त्यातल्या काही मशीनच्या पाठीवर सप्लाय तपासायचं छोटं बटण आणि शेजारी दिवा असतो, तो वापरा.

एक लक्षण ओळखून ठेवण्यासारखं आहे. थंडीत सकाळी मशीन आठ-दहा वेळा बटण दाबल्याशिवाय उठत नाही, प्लग लावून थोडा वेळ ठेवलं की उठतं, आणि एकदा सुरू झालं की दिवसभर बिनतक्रार चालतं. हे सप्लायमधले कॅपॅसिटर सुकत चालल्याचं लक्षण. आतला द्रव कमी झाला की ते गार असताना नीट काम करत नाहीत, तापले की करतात. असं मशीन महिना-दोन महिन्यांत पूर्ण बसेल असं धरून चाला, आणि डेटाची कॉपी आजच काढून ठेवा.

आतल्या जोडण्या आणि शॉर्टचा शोध

प्लग काढून चोवीस पिनांचा कनेक्टर पुन्हा बसवा, खटका ऐकू येईपर्यंत दाबा. प्रोसेसरजवळचा चार किंवा आठ पिनांचा वेगळा कनेक्टर विसरू नका. नवीन मशीन जोडणाऱ्यांकडून हाच सर्वात जास्त राहतो. तो नसेल तर पंखे फिरतील, पण प्रोसेसरला वीजच मिळणार नाही. ग्राफिक्स कार्डला वरून सहा किंवा आठ पिनांची वायर लागत असेल तर तीही बघा. स्लॉटमधून कार्डाला ७५ वॉटपर्यंतच मिळतात.

पंखे अर्धा गिरका घेऊन थांबत असतील तर एकेक वस्तू सोडवत जा, दर वेळी प्लग काढून. सुरुवात बाहेरून करा: सगळ्या यूएसबी वस्तू, प्रिंटर, नेटवर्कची वायर. मग समोरच्या यूएसबी पोर्टात टॉर्च मारा. आतली प्लास्टिकची जीभ तुटून पिना एकमेकींना चिकटलेल्या सापडतात, आणि तेवढ्यानेही पूर्ण मशीन अडून बसतं. तसं दिसलं तर समोरच्या यूएसबीची वायर बोर्डावरून काढून टाका, मशीन तिच्याविना चालतं. त्यानंतर डीव्हीडी ड्राइव्ह, हार्ड डिस्क, एसएसडी, मग ग्राफिक्स कार्ड. ज्या वस्तूपाशी मशीन उठलं, ती वस्तू किंवा तिची वायर दोषी.

बोर्ड नुकताच बसवला असेल तर खालचे पितळी खुंट बघा. बोर्डाला जिथे भोक आहे तिथेच खुंट हवा. एक जादा खुंट राहिला तर तो बोर्डाच्या पाठीला टेकून शॉर्ट करतो. निसटून बोर्डाखाली गेलेला स्क्रूही तेच करतो, कॅबिनेट हलकेच तिरपं करून कान द्या.

रॅम, खोडरबर आणि एक फार कामाची चाचणी

पंखे फिरतात पण स्क्रीन काळी, या तक्रारीत रॅम पहिली. दोन्ही बाजूंच्या खिट्ट्या उघडून रॅम सरळ वर काढा. सोनेरी पट्ट्यांवर बोटं लावू नका. कोरड्या पांढऱ्या खोडरबराने पट्ट्या एकाच दिशेने, आतून कडेकडे, हलक्या हाताने चार-पाच वेळा पुसा. मागेपुढे घासलं तर सोन्याचा पातळ थर निघतो. मळकट तपकिरी छटा जाऊन पट्टी चमकायला लागली की थांबा. रबराचा चुरा ब्रशने पूर्ण झटका, एकही कण स्लॉटमध्ये जायला नको. इलेक्ट्रॉनिक कामाचं आयसोप्रोपिल अल्कोहोल असेल तर ते अधिक चांगलं. पाणी, सॅनिटायझर नको. स्लॉटमधली धूळ ब्रशने काढा, फुंकू नका, फुंकरीतून थुंकीचा ओलावा जातो.

परत बसवताना फक्त एक रॅम घ्या. चार स्लॉट असतील तर ती प्रोसेसरपासून दुसऱ्या स्लॉटमध्ये लावा. बहुतेक बोर्ड तिथेच एक रॅम मागतात. खाच जुळवून दोन्ही टोकं दाबा, खिट्टी आपोआप बंद झाली पाहिजे.

आता ती चाचणी. बोर्डाच्या स्पीकरच्या पिनांवर छोटा बझर लावा, तो अगदी स्वस्त मिळतो. हल्लीच्या कॅबिनेटमध्ये तो येत नाही. सगळ्या रॅम काढून मशीन सुरू करा. बझर बीप-बीप ओरडू लागला तर आनंद माना: सप्लाय, बोर्ड आणि प्रोसेसर तिन्ही जागे आहेत आणि रॅम नाही म्हणून तक्रार करताहेत. रॅम नसूनही पूर्ण शांतता असेल तर दोष रॅमच्या अलीकडे, म्हणजे बोर्ड, प्रोसेसर किंवा सप्लायमध्ये आहे. नव्या बोर्डांवर बझरऐवजी सीपीयू (प्रोसेसर), डीरॅम (रॅम), व्हीजीए (ग्राफिक्स), बूट (डिस्कवरून सुरू होणं) अशी नावं लिहिलेले चार बारीक दिवे असतात. जो दिवा लागून राहतो, तिथे मशीन अडलं आहे.

स्क्रीनच्या बाबतीत एक साधी चूक पाहून घ्या. ग्राफिक्स कार्ड असेल तर मॉनिटरची वायर कार्डाला लावायची, बोर्डाला नाही. कार्ड काढून तपासायचं असेल तर आधी प्रोसेसरला स्वतःचे ग्राफिक्स आहेत का ते बघा. इंटेलच्या ज्या प्रोसेसरच्या नावाशेवटी एफ आहे त्यांना नसतात, आणि एएमडी रायझनच्या ५००० मालिकेपर्यंत नावात जी नसलेल्यांनाही नसतात. अशा मशीनमधून कार्ड काढलं की स्क्रीन काळीच राहणार.

बोर्डावरचा सेल

नाण्याएवढा सीआर २०३२ सेल ३ व्होल्टचा असतो. तो संपला की बहुधा फक्त तारीख-वेळ चुकते, पण बायोसच्या (मशीन सुरू करणारा बोर्डावरचा मूळ प्रोग्राम) सेटिंग बिघडून मशीन अडलं असेल तर सेल काढून ठेवल्याने त्या मूळपदावर येतात. प्लग काढा, सेल काढा, पॉवर बटण दाबून धरा, पाच-दहा मिनिटांनी सेल परत बसवा. लिहिलेली बाजू वर. मोजल्यावर सेल २.७ व्होल्टच्या खाली असेल तर बदलूनच टाका. डीडीआर ५ या नव्या प्रकारची रॅम असलेल्या मशीनवर असं केल्यानंतर पहिल्यांदा सुरू करताना स्क्रीन काही मिनिटं काळी राहू शकते. बोर्ड रॅमची जुळवणी करत असतो, मध्येच प्लग ओढू नका.

एवढं करूनही उठलं नाही तर

मदरबोर्ड कॅबिनेटमधून काढून कोऱ्या, कोरड्या पुठ्ठ्यावर ठेवा. बोर्ड, कूलरसकट (प्रोसेसर थंड ठेवणारा पंखा आणि धातूचा ठोकळा) प्रोसेसर, एक रॅम, सप्लाय, एवढंच जोडा. कूलरचा पंखा जोडलेला असलाच पाहिजे. पिना टेकवून सुरू करा. इथे उठलं तर दोष कॅबिनेटमध्ये किंवा काढून ठेवलेल्या वस्तूंत. नाही उठलं, आणि सप्लाय वरच्या मापांत पास झालेला आहे, तर बोर्ड किंवा प्रोसेसर. यात बोर्डाची शक्यता खूप जास्त असते.

टॉर्चच्या उजेडात बोर्ड बारकाईने बघा. जुन्या बोर्डांवर प्रोसेसरच्या आजूबाजूला उभे गोल कॅपॅसिटर असतात. त्यांचा माथा सपाट हवा. फुगलेला, चिरलेला, किंवा बुडाशी तपकिरी चिकट डाग असलेला कॅपॅसिटर म्हणजे गेलेला. चांगला कारागीर तो बदलून देऊ शकतो.

कोकण, मुंबई, गोवा या दमट पट्ट्यात पावसाळ्यात महिनाभर बंद राहिलेलं मशीन उठत नाही, त्याचं कारण बहुतेकदा रॅमच्या आणि स्लॉटच्या पट्ट्यांवर धरलेली ओल असते. ओल दिसत असेल तर आधी प्लग न लावता, झडप काढून, पंख्याखाली दिवसभर वाळवा. पावसाळ्यात आठवड्यातून दोन-तीनदा मशीन अर्धा तास चालवलं तर आतला दमटपणा टिकत नाही. पाठीमागच्या पट्टीची रिकामी भोकं पत्र्याने बंद करा. त्यातून पाल, झुरळं, मुंग्या आत जातात आणि सप्लायमध्ये शॉर्ट करतात. वीज कडाडत असेल तेव्हा नुसता स्विच बंद करून भागत नाही, प्लगच काढा. नेटवर्कची वायरही काढा, त्या वाटेनेही बोर्ड जळतात.

नवा सप्लाय घेताना आणि मशीन दुकानात देताना

वेगळं ग्राफिक्स कार्ड नसलेल्या घरगुती मशीनला चांगल्या कंपनीचा ४५० वॉटचा सप्लाय भरपूर होतो. डब्यावर मोठा आकडा छापलेला, पण हातात हलका लागणारा सप्लाय घेऊ नका. लेबलवर १२ व्होल्टच्या रांगेत किती अँपिअर लिहिले आहेत ते वाचा आणि त्याला १२ ने गुणा. ४५० वॉटच्या चांगल्या सप्लायमध्ये हा गुणाकार ४०० च्या पुढे जातो.

जुन्या सप्लायच्या वायरी सुट्या निघणाऱ्या असतील तर त्या नव्या सप्लायला लावू नका, दोन्ही एकाच कंपनीचे असले तरी. सप्लायच्या बाजूचं भोक सारखं दिसतं, वायर बसतेही, पण आतल्या पिनांचा क्रम वेगळा असू शकतो. मग ५ व्होल्टच्या जागी १२ व्होल्ट जाऊन हार्ड डिस्क एका क्षणात जळते. जुन्या वायरी एकूणएक काढा आणि नव्या सप्लायच्या खोक्यातल्याच लावा.

मशीन सुरू होत नाही या तक्रारीत हार्ड डिस्क किंवा एसएसडीवरचा डेटा सहसा सुखरूप असतो. म्हणून दुकानात देण्यापूर्वी डिस्क स्वतः काढून घरी ठेवा. वर सांगितलेली कुठलीही दुरुस्ती करायला कारागिराला तिची गरज लागत नाही. द्यावीच लागली तर पावतीवर "फॉरमॅट करू नये" असं लिहून घ्या, आणि मदरबोर्ड, रॅम, डिस्क यांच्यावरच्या सिरियल नंबरांचे फोटो काढून ठेवा.